घड्याळाशेजारच्या चिन्हांचा वाद

संगणकाच्या पडद्यावर घड्याळाला लागून लहान चिन्हांची एक रांग असते. विंडोजमध्ये ती खाली उजव्या कोपऱ्यात दिसते, मॅकमध्ये वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला. वाय-फाय, आवाज आणि बॅटरी ही चिन्हे खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमची. त्यांच्या शेजारी बाहेरच्या प्रोग्रॅमांची चिन्हे येऊन बसतात: अँटीव्हायरस, व्हीपीएन, ड्रॉपबॉक्स किंवा नेक्स्टक्लाउडसारखी फायली जुळवणारी सेवा, टेलिग्राम, डिस्कॉर्ड, पासवर्ड सांभाळणारे कीपासएक्ससी. या जागेला सिस्टिम ट्रे म्हणतात आणि तिथल्या चिन्हांना स्टेटस आयकॉन. विंडो बंद केली तरी प्रोग्रॅम मागे चालू आहे आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, हे या चिन्हावरून कळते. त्यावर क्लिक केले की विंडो परत येते किंवा चार आज्ञांचा मेनू उघडतो.

बाहेरच्या प्रोग्रॅमांना ही जागा द्यावी की नाही, हा प्रश्न विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला सहसा पडत नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम आणि पडद्याची मांडणी एकाच कंपनीच्या हातात असते, आणि दोन्ही कंपन्यांनी ही जागा दिलेली आहे. लिनक्सचे तसे नाही. तिथे पडद्यावरची पट्टी, मेनू, विंडोंची मांडणी आणि सेटिंग्ज यांचा संच स्वतंत्र प्रकल्प तयार करतात. त्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, माते असे अनेक संच आहेत. प्रत्येकाचे धोरण वेगळे, आणि त्यातला सर्वांत प्रभावी असा जो ग्नोम, त्याने २०१७ मध्ये ही चिन्हे दाखवणे बंद केले. त्यावरून सुरू असलेला वाद अजून मिटलेला नाही. तो का मिटत नाही, हे समजायला या जागेचा इतिहास आणि तिच्या मागची यंत्रणा थोडी पाहावी लागते.

ही जागा सर्वसामान्यांच्या ओळखीची झाली ती विंडोज ९५ मुळे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या या विंडोजने स्टार्ट बटण, टास्कबार आणि टास्कबारच्या टोकाला घड्याळाजवळची ही जागा एकदमच आणली. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत तिचे नाव ‘नोटिफिकेशन एरिया’ असे आहे. आवाज आणि बॅटरीची चिन्हे दाखवणाऱ्या फाइलचे नाव मात्र सिसट्रे होते, आणि लोकांच्या तोंडी तेच बसले. यंत्रणा साधी होती. प्रोग्रॅमने सोळा बाय सोळा पिक्सेलचे चित्र आणि माउस वर नेल्यावर दिसणारी एक ओळ विंडोजकडे सोपवायची. चित्र काढायचे काम विंडोजचे. क्लिक झाला की तसा निरोप विंडोज त्या प्रोग्रॅमला द्यायची.

या साधेपणात एक गंमत राहून गेली. एखादा प्रोग्रॅम अचानक कोसळला तर आपले चिन्ह काढून घ्यायला तो उरत नाही. मग चिन्ह तसेच दिसत राहते आणि त्यावरून माउस फिरवला की नाहीसे होते. विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेले असते. चिन्ह दिसते म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही, हा त्यातला मुद्दा. पुढच्या वादात तो पुन्हा येतो.

खरी अडचण गर्दीची झाली. जागा फुकट होती आणि तिथे सतत नजरेसमोर राहता येत होते. मग कोण सोडतो? २००० नंतरच्या काळात नवा संगणक घरी आणला की प्रिंटरचे चिन्ह, साउंड कार्डचे, ग्राफिक्स कार्डचे, व्हिडिओ प्लेअरचे आणि वर अद्ययावत आवृत्ती शोधत बसणाऱ्या तीन-चार प्रोग्रॅमांची चिन्हे अशी रांग लागे. यातल्या बहुतेकांकडे सांगण्यासारखी स्थिती नव्हतीच. ती होती जाहिरात. शिवाय प्रत्येक चिन्हामागे संगणक सुरू होताच जागा होणारा आणि मेमरी अडवणारा एक प्रोग्रॅम होता. विंडोज एक्सपीने २००१ मध्ये वापरात नसलेली चिन्हे बाणामागे लपवायची सोय केली. २००९ च्या विंडोज ७ ने त्यापुढचे पाऊल टाकले: नवे चिन्ह आले की ते आपोआप त्या बाणामागे जाते, आणि ते बाहेर ओढून ठेवायचे की नाही हे वापरणारा ठरवतो. प्रोग्रॅमला स्वतःहून बाहेर यायची सोय ठेवलेली नाही. आजच्या विंडोज ११ मध्येही मूळ तत्त्व तेच आहे. या एका बदलाने निम्मा प्रश्न सुटला, आणि तो जागा काढून न घेता सुटला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मॅकची कथा लवकर सांगून होते. तिथे वरच्या पट्टीच्या डाव्या बाजूला चालू ॲपचे मेनू असतात आणि उजवीकडे ही चिन्हे. जागा कमी पडली की मॅक काही चिन्हे गुपचूप दाखवतच नाही. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्यासाठी खाच आली आणि ही अडचण आणखी जाणवू लागली. चिन्हे आवरून ठेवणारी स्वतंत्र ॲप्स लोक विकत घेतात, यावरून ती किती खरी आहे ते कळते. ॲपलच्या मार्गदर्शक सूचना मात्र नेमक्या आहेत. चिन्ह पट्टीत ठेवायचे की नाही हे ॲपने नव्हे, वापरणाऱ्याने ठरवावे. आणि चिन्ह दिसतच असेल असे ॲपने कधी गृहीत धरू नये.

लिनक्सकडे वळले की गोष्ट गुंतागुंतीची होते. सुरुवातीच्या काळात केडीई आणि ग्नोम या दोघांनीही आपापल्या पट्टीत चिन्हांना जागा दिली होती, पण पद्धती वेगळ्या होत्या. एका संचासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे चिन्ह दुसऱ्यात दिसेलच असे नव्हते. यावर उपाय म्हणून फ्रीडेस्कटॉप या सामाईक व्यासपीठावर २००२ मध्ये एक समान पद्धत ठरली. ती ‘एक्सएम्बेड’ नावाच्या तंत्रावर उभी होती. त्या काळी पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम एक्स विंडो सिस्टिम करीत असे, आणि एका प्रोग्रॅमची विंडो दुसऱ्याच्या विंडोत बसवणे तिच्यात शक्य होते. म्हणून प्रत्येक चिन्ह ही प्रोग्रॅमची स्वतःची एक इवलीशी विंडो असे आणि पट्टी तिला आपल्यात जागा देई.

घरमालकाने खोली भाड्याने द्यावी आणि आत काय चालले आहे ते त्याला कधी कळू नये, तशी ही व्यवस्था होती. आत चित्र कोणते आहे, ते किती मोठे आहे, त्याची पार्श्वभूमी पट्टीच्या रंगाशी जुळते की नाही, यांपैकी पट्टीला काहीच ठाऊक नसे. पट्टी काळी असली तरी चिन्हामागे पांढरा चौकोन दिसे. अधिक पिक्सेलचे पडदे आले तेव्हा काही चिन्हे टाचणीच्या डोक्याएवढी उरली. क्लिक थेट प्रोग्रॅमकडे जात असल्यामुळे कोणी डाव्या क्लिकला विंडो उघडी, कोणी मेनू, कोणी काहीच करीत नसे. कीबोर्डवरून तिथे पोहोचण्याचा धड मार्ग नव्हता. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीच्या दृष्टीने त्या इवल्या विंडोत सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

केडीईच्या मंडळींनी २००९-१० मध्ये हे मुळातून बदलले. त्यांच्या ‘स्टेटसनोटिफायरआयटम’ या पद्धतीत प्रोग्रॅम विंडो देत नाही, माहिती देतो. लिनक्सवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी डी-बस नावाच्या निरोपयंत्रणेतून बोलतात. तिच्यातून तो पट्टीला कळवतो: माझे नाव हे, चित्र हे, मी या गटातला, आणि माझी अवस्था अशी. गट चार आहेत: साधा प्रोग्रॅम, संवादाचा, सिस्टिमची सेवा आणि हार्डवेअर. अवस्था तीन: निवांत, सक्रिय आणि लक्ष द्यावे अशी. मेनूही माहितीच्या रूपाने जातो. ही माहिती कशी दाखवायची ते पट्टी ठरवते. निवांत चिन्ह लपवता येते, लक्ष मागणारे ठळक करता येते, सगळ्यांना एकच आकार आणि एकच शैली देता येते. घरमालकाच्या हाती आता आतल्या सामानाची यादी आली.

उबुंटू हे लिनक्सचे वितरण बनवणाऱ्या कॅनॉनिकलने हीच पद्धत थोड्या फरकाने उचलली. ‘ॲपइंडिकेटर’ या नावाने ती एप्रिल २०१० च्या उबुंटू १०.०४ मध्ये आली. फरक महत्त्वाचा होता: कोणत्याही चिन्हावर क्लिक केला की मेनूच उघडणार, दुसरे काही नाही. यातून क्लिकचा गोंधळ मिटला, पण एका क्लिकमध्ये विंडो परत आणायची सवय असलेल्यांची कुरकुर सुरू झाली. कॅनॉनिकलने आपले हे सॉफ्टवेअर ग्नोमच्या अधिकृत आधारांत घेतले जावे असा प्रस्ताव दिला. ग्नोमने तो नाकारला. केडीई, उबुंटू आणि ग्नोम एका पद्धतीवर येण्याची ती संधी होती आणि ती गेली. फ्रीडेस्कटॉपवर या पद्धतीचा मसुदा तयार झाला, पण तो मसुदाच राहिला.

ग्नोमच्या नकारामागे नुसता हट्ट नव्हता. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ चा सगळा आराखडाच वेगळा होता. वरची पट्टी फक्त सिस्टिमची: घड्याळ, आवाज, नेटवर्क, बॅटरी. बाहेरच्या प्रोग्रॅमने तिथे यायचे नाही. प्रोग्रॅमला काही सांगायचे असेल तर त्याने नोटिफिकेशन पाठवावे. गाणे वाजवत असेल तर गाण्यांसाठी वेगळी यंत्रणा आहे, तिच्यातून थांबवा-चालू करा ही बटणे सिस्टिम दाखवेल. चिन्हे मग खालच्या बाजूला, माउस नेल्याशिवाय न दिसणाऱ्या एका पट्टीत गेली. मार्च २०१५ च्या ग्नोम ३.१६ मध्ये नोटिफिकेशने घड्याळाखालच्या कप्प्यात हलली आणि उरलेल्या चिन्हांना खाली डाव्या कोपऱ्यातला एक आत-बाहेर सरकणारा कप्पा मिळाला. तो विजोड दिसे आणि विंडोच्या आड येई. सप्टेंबर २०१७ च्या ग्नोम ३.२६ मध्ये तोही गेला. ग्नोमच्या जीटीके या साधनसंचात चिन्हासाठी २००६ पासून सोय होती. ती २०१४ मध्ये कालबाह्य ठरवण्यात आली आणि डिसेंबर २०२० च्या जीटीके ४ मधून काढून टाकण्यात आली.

ग्नोमचा युक्तिवाद नीट ऐकला तर त्यातले निदान बरोबर आहे. स्टेटस आयकॉन या एका साधनाने अनेक कामे अंगावर घेतली होती. नवा संदेश आला हे सांगणे, गाणे थांबवणे, बंद विंडो परत आणणे, प्रोग्रॅमची जाहिरात करणे, सेटिंग्जचा मेनू दाखवणे आणि मागे काही चालू आहे याची जाणीव देणे, ही सगळी एकाच इवल्या चित्राच्या गळ्यात. यातल्या पहिल्या दोन कामांना आज उत्तम पर्याय आहेत. नोटिफिकेशन संदेश सांगते आणि त्यात उत्तर देण्याचे बटणही असू शकते. विंडो परत आणायला ॲपच्या यादीत जाऊन त्याच चित्रावर क्लिक केला तरी चालते. जाहिरातीला कोणी जागा देण्याची गरज नाही. तिथवर ग्नोमचे म्हणणे कोणालाही पटावे.

अडते ते शेवटच्या कामाशी. नोटिफिकेशन ही घटना आहे. ती येते आणि जाते. स्थिती टिकून असते. व्हीपीएन जोडलेले आहे की तुटले, फायली जुळवून झाल्या की एखादी अडकली, पासवर्डची तिजोरी उघडी आहे की कुलूपबंद, हे प्रश्न माणसाच्या मनात केव्हाही येतात, आणि त्यांचे उत्तर एका नजरेत मिळायला हवे. व्हीपीएन तुटले हे नोटिफिकेशनने सांगितले, पण त्या क्षणी माणूस चहा घ्यायला उठलेला होता. परत आल्यावर त्याला पडद्यावर काहीच दिसत नाही. दर पाच मिनिटांनी ‘सर्व ठीक आहे’ असे नोटिफिकेशन येऊ लागले तर माणूस तो प्रोग्रॅमच काढून टाकेल. विंडो सतत उघडी ठेवणे हाही उपाय नाही, कारण ज्या प्रोग्रॅमशी दिवसातून एकदाही बोलायचे नसते त्याची विंडो कामाच्या विंडोंत अडगळ होते.

मराठी टंकलेखन हे याचे जवळचे उदाहरण. संगणकावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्याला सध्या कोणता कीबोर्ड चालू आहे हे सतत दिसावे लागते. इनस्क्रिप्ट चालू असताना पासवर्ड टाइप केला तर चौकटीत फक्त ठिपके उमटतात, आणि पासवर्ड चुकीचा का ठरतो ते कळत नाही. विंडोजमध्ये भाषेचे चिन्ह घड्याळाशेजारीच असते. ग्नोमने सप्टेंबर २०१२ च्या ३.६ या आवृत्तीत आयबस ही टंकलेखन-यंत्रणा स्वतःतच सामावून घेतली आणि भाषेचे चिन्ह वरच्या पट्टीत ठेवले. म्हणजे टिकून राहणारी स्थिती सतत दिसावी, ही गरज ग्नोमला मान्य आहे. मान्य नाही ते ही सोय बाहेरच्यांना देणे. एफसीआयटीएक्स ही आयबससारखीच दुसरी यंत्रणा वापरणाऱ्याला ग्नोममध्ये तिचे चिन्ह दिसत नाही. त्यासाठी विस्तार बसवावा लागतो.

विस्तार म्हणजे ग्नोमवर वरून चढवायचा छोटा जोडप्रोग्रॅम, इंग्रजीत एक्स्टेन्शन. २०१७ नंतर ग्नोमच्या वापरकर्त्यांनी याच वाटेने चिन्हे परत आणली. त्याच वर्षी कॅनॉनिकलने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सोडून ग्नोम घेतला, तेव्हा ऑक्टोबरच्या उबुंटू १७.१० मध्ये ॲपइंडिकेटरचा विस्तार आधीच बसवून दिला, आणि आजही देते. लिनक्सच्या जगात ग्नोम वापरणाऱ्यांतला मोठा वर्ग उबुंटूचा आहे. तेव्हा कागदोपत्री ग्नोममध्ये चिन्हे नाहीत, प्रत्यक्षात असंख्य लोकांच्या ग्नोममध्ये ती आहेत. मूळ प्रकल्पाने नको म्हटलेली गोष्ट सर्वांत मोठ्या वितरकाने पहिल्या दिवसापासून परत घालावी, यातून मागणीचा अंदाज येतो.

पण विस्तारावर विसंबणे धोक्याचे आहे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि विस्तार ग्नोमच्या आतल्या भागांना हात घालत असल्यामुळे प्रत्येक वेळी मोडू शकतो. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ ने विस्तार लिहिण्याची पद्धतच बदलली आणि झाडून सगळे विस्तार नव्याने जुळवून घ्यावे लागले. ॲप बनवणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्या प्रोग्रॅमचे चिन्ह प्लाझ्मावर दिसेल, एक्सएफसीईवर दिसेल, सिनॅमनवर दिसेल, उबुंटूवर दिसेल आणि फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या ग्नोमवर दिसणार नाही. विंडो बंद केली की चिन्हात जाऊन बसणारे ॲप तिथे अदृश्य होते: चालू असते, मेमरी घेते, आणि ते बंद करायला काही सापडत नाही. क्यूटी या साधनसंचात पडद्यावर चिन्हांची जागा आहे का हे विचारायची सोय आहे. ते न विचारता विंडो गडप करणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष डेस्कटॉपच्या माथी मारता येणार नाही, हेही इथेच नोंदवायला हवे.

काळाच्या ओघात तांत्रिक पाया बदलला. लिनक्सचे मोठे डेस्कटॉप एक्स विंडो सिस्टिम सोडून वेलँडकडे गेले. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या विंडोत डोकावू नये, हे वेलँडच्या आराखड्यातच आहे. तिथे एक्सएम्बेड शक्यच नाही. २०१४ च्या प्लाझ्मा ५ ने जुन्या पद्धतीचा आधार काढला तेव्हा अनेक जुन्या प्रोग्रॅमांची चिन्हे गायब झाली. तक्रारी आल्या. डिसेंबर २०१५ च्या प्लाझ्मा ५.५ मध्ये जुन्या चिन्हाचे नव्यात रूपांतर करणारा एक मध्यस्थ प्रोग्रॅम देण्यात आला. तत्त्व राखून माणसांची सोय करता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

दुसरा बदल फ्लॅटपॅकसारख्या कुंपणबंद ॲपांचा. इथे प्रत्येक ॲपला बाकी संगणकापासून वेगळे ठेवतात. केडीईची पद्धत या जगासाठी बनलेली नव्हती. चिन्हाच्या नावात प्रोग्रॅमचा सिस्टिममधला क्रमांक घालायचा असा तिचा नियम, आणि कुंपणाच्या आत प्रत्येक ॲपचे क्रमांक नव्याने सुरू होतात. त्यामुळे दोन वेगळी ॲप्स एकाच क्रमांकाने नाव सांगू शकतात. चित्राची फाइल ॲपने आपल्या कुंपणात ठेवली आणि तिचा पत्ता पट्टीला दिला, तर पट्टीला ती उघडता येत नाही. काही साधनसंचांनी आपापल्या परीने यातून वाट काढली आहे, पण मसुदा दुरुस्त करून सर्वांनी मान्य केल्याशिवाय ही ठिगळे राहणारच. ग्नोमचे आजचे आक्षेप बहुतांशी याच प्रकारचे आहेत. ते योग्य आहेत, आणि ते पद्धत सुधारण्याचे कारण आहेत, चिन्हे नाकारण्याचे नव्हे.

मार्च २०२३ च्या ग्नोम ४४ ने गरज अर्धी मान्य केली. आवाज आणि वाय-फायच्या कप्प्यात ‘पार्श्वभूमीवरील ॲप्स’ अशी एक यादी आली. विंडो न उघडता चालू असलेली ॲप्स तिथे दिसतात, सोबत ॲपने दिलेली एखादी छोटी ओळ आणि ॲप बंद करायचे बटण. यादी सिस्टिम बनवते, ॲप नव्हे. मेलेल्या प्रोग्रॅमचे चिन्ह मागे राहण्याचा विंडोजमधला प्रकार इथे होत नाही. कल्पना चांगली, व्याप्ती अपुरी. यादी फ्लॅटपॅकच्या ॲपांपुरती आहे. ती पाहायला कप्पा उघडावा लागतो, म्हणजे ‘एका नजरेत’ ही मुख्य गरज भागत नाही. आणि ॲपला तिथे स्वतःच्या आज्ञांचा मेनू देता येत नाही: व्हीपीएनचा देश बदलता येत नाही, फायली जुळवणे तासभर थांबवता येत नाही.

मोबाइलमध्ये हाच प्रश्न आधी सुटला आहे. अँड्रॉइडमध्ये मागे दीर्घकाळ काम करणाऱ्या ॲपला स्थायी नोटिफिकेशन दाखवावे लागते, आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून अशा चालू ॲपांची यादी काढून ती तिथूनच थांबवता येतात. वरच्या पट्टीत ॲपचे चिन्ह दिसते, पण ते सिस्टिमच्या नियमांनी, सिस्टिमच्या आकारात. आयफोनने बाहेरच्या ॲपांना कायमच्या चिन्हाची जागा मुळात दिलीच नाही. तिथे मागे काम करण्यावरच कडक मर्यादा आहेत. मात्र कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू झाला की दोन्हीकडे पडद्यावर खूण उमटते, आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून. ही खूण सिस्टिम काढते. ते काम ॲपवर सोपवले असते तर चोरून ऐकणाऱ्या ॲपने खूण काढलीच नसती. सुरक्षिततेशी जोडलेली अशी स्थिती ॲपच्या चिन्हावर सोडू नये; पट्टी सिस्टिमच्या हाती असावी, हा ग्नोमचा आग्रह इथे पूर्ण बरोबर ठरतो.

तेव्हा डेस्कटॉपने स्टेटस आयकॉनना आधार द्यावा का? द्यावा, आणि तो मूळ सॉफ्टवेअरमध्येच द्यावा. दारे सताड उघडी मात्र नसावीत. चित्र काढणे पट्टीकडे, माहिती देणे ॲपकडे, आणि दिसू द्यायचे की लपवायचे हा शेवटचा शब्द वापरणाऱ्याकडे, ही विभागणी केडीईच्या पद्धतीत पंधरा वर्षांपूर्वी झाली आणि विंडोज ७ नेही आपल्या वाटेने तीच केली. नवे चिन्ह मुळात लपलेले असावे. ज्याला हवे त्याने बाहेर काढावे. गर्दीचा उपाय गर्दी करणाऱ्यांना मागे ठेवणे हा आहे. ज्याला व्हीपीएनचे एकच चिन्ह हवे होते त्याच्याकडून तेही काढून घेणे, हा उपाय म्हणायचा नाही. एखादे साधन वाईट तऱ्हेने वापरले गेले म्हणून ते काढून टाकायचे, तर आधी त्याच्या जागी पुरते साधन उभे करायला हवे. ग्नोमने २०१७ मध्ये जुने काढले आणि पर्यायाचा पहिला तुकडा यायला २०२३ उजाडले. मधली साडेपाच वर्षे लोकांनी विस्तारांवर काढली. ग्नोमच्या बाजूने कितीही सहानुभूतीने पाहिले तरी हा क्रम चुकलाच.

केडीई, ग्नोम आणि फ्लॅटपॅकची मंडळी एकत्र बसून मसुदा दुरुस्त करीत नाहीत तोवर ॲप लिहिणाऱ्यांनी चिन्ह दिसेलच असे धरून चालू नये, आणि चिन्ह नसतानाही आपले ॲप पूर्ण वापरता यावे याची काळजी घ्यावी. उबुंटूखेरीज इतरत्र ग्नोम वापरणाऱ्याला ही चिन्हे हवी असतील तर ग्नोमच्या विस्तारांच्या अधिकृत यादीत ‘ॲपइंडिकेटर अँड केस्टेटसनोटिफायरआयटम सपोर्ट’ हा विस्तार फुकट मिळतो. तो बसवावा, आणि ग्नोमची नवी आवृत्ती चढवण्याआधी विस्तार तिच्याशी जुळतो का, ते तिथेच पाहून घ्यावे.